शिरका झाला, हे ओळखायचे कसे?

मृग आठ-दहा दिवसांवर आला की ज्यांच्या दारात जांभूळ आहे त्या घरात एकच धांदल उडते. बदलापूर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात हे दृश्य नवे नाही. आंबा थोडा दम धरतो, फणस चार दिवस वाट पाहतो, पण जांभूळ एकदा पिकू लागले की झाडच्या झाड एकदम काळे होते. काढलेले फळ दुसऱ्या दिवशी मऊ पडते आणि तिसऱ्या दिवशी पाणी सोडते. आपल्या भगिनी पहाटे टोपल्या भरून, पानांच्या द्रोणांची चळत घेऊन कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या स्टेशनांबाहेर बसतात. टपोरे फळ तिथे विकले जाते. मऊ पडलेले, बारके, उरलेले फळ मात्र संध्याकाळी घरी परत येते. त्यातच एखादी जोराची सर आली तर झाडावरचे फळही फुटते आणि चवीला पाणचट होते. बदलापूरच्या जांभळाला आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला अलीकडच्या वर्षांत भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मोठे झाले, पण फळाचा स्वभाव तोच राहिला. त्याला वेळेवर हात लावला नाही तर ते मातीत जाते.

याच संदर्भात एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "दुकानात सफरचंदाचा शिरका केवढ्याला मिळतो! आमच्याकडे जांभळे वाया जातात. म्हणून गेल्या वर्षी ऐकीव माहितीवर दोन बरण्या शिरका घातला. एका बरणीवर बुरशी आली. दुसरीतला बाटलीत भरला, तर बाटलीच फुटली. शिरका करायचा कसा हे सगळेच सांगतात, पण तो झाला हे ओळखायचे कसे, ते कोणी सांगत नाही."

बाईंनी नेमके दुखण्यावर बोट ठेवले आहे. म्हणून आज कृती थोडक्यात सांगून, 'झाला' हे ओळखण्याकडे जास्त लक्ष देऊ.

एका बरणीत दोन कामे

सफरचंदाच्या मुलखात, म्हणजे आपल्याकडे हिमाचल-काश्मीरमध्ये आणि बाहेर इंग्लंड-फ्रान्सकडे, सफरचंदाचा रस आंबवून त्याचा शिरका करतात. दुकानातल्या बाटलीवर 'ऍपल सायडर व्हिनेगर' लिहिलेले असते ते हेच. फळ बदलले तरी रीत बदलत नाही. जांभळाचा शिरकाही त्याच वाटेने होतो.

ही वाट दोन टप्प्यांची आहे आणि दोन्ही टप्प्यांवर काम करणारे जीव वेगवेगळे आहेत. पहिल्या टप्प्यात यीस्ट रसातली साखर खाते. त्यातून मद्यार्क आणि वायू तयार होतो. हा वायू म्हणजेच बरणीतले बुडबुडे. या कामाला यीस्टला बाहेरच्या हवेची गरज नसते, उलट हवा लागली तर रस बिघडण्याची भीती असते. दुसऱ्या टप्प्यात शिरक्याचे जीवाणू त्या मद्यार्काचे आम्ल करतात. त्यांना मात्र भरपूर हवा लागते. फ्रान्सचा शास्त्रज्ञ लुई पाश्चर याने १८६०च्या दशकात शिरक्याचा बारकाईने अभ्यास केला आणि १८६८ साली त्यावर पुस्तकच लिहिले. त्याच्या देशातल्या ऑर्लेआँ गावचे शिरकेवाले पिंपे काठोकाठ न भरता अर्धवट रिकामी ठेवीत, ती हवेसाठीच.

म्हणजे पहिल्या टप्प्यात बरणी झाकायची, दुसऱ्यात उघडी ठेवायची. बहुतेक घरांत चुकते ते इथेच. कोणी पहिल्या दिवसापासून फडके बांधून ठेवतात आणि बुरशी येते. कोणी शेवटपर्यंत घट्ट झाकण लावतात, मग शिरका होतच नाही किंवा बरणी फुटते.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पहिल्या टप्प्याच्या शेवटी बरणीत मद्यार्क असतो. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू करणे गुन्हा आहे. आपल्याला शिरका करायचा आहे. म्हणून पहिला टप्पा संपला की रस तसाच ठेवू नका, त्याच दिवशी त्यात शिरक्याचे विरजण घाला. बरणी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका आणि मधला रस कोणी चाखून संपवणार नाही याकडे घरच्या मोठ्या माणसांनी लक्ष ठेवावे. विकण्यासाठी शिरका करायचा असेल तर काम सुरू करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

फळ आणि भांडी

जांभळाची फांदी ठिसूळ असते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते, तरीही दरवर्षी कोणी ना कोणी झाडावरून पडतोच. टोपलीभर फळासाठी हातपाय मोडून घेऊ नका. झाडाखाली जाळी किंवा जुनी स्वच्छ चादर बांधा आणि लांब काठीने फांदी हलवा. जाळीवर पडलेले फळ मऊ असले तरी शिरक्याला चालते. चिखलात, शेणात पडून फुटलेले फळ मात्र घेऊ नका, कितीही धुतले तरी ते बरणीला बाधते. बुरशी धरलेले फळही बाजूला काढा.

भांडे काचेचे किंवा चिनी मातीच्या बरणीचे घ्या. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड यांना आम्ल खाते. जांभळाचा रस लोखंडाला लागला तर तो शाईसारखा काळा होतो. रस तापवण्यापुरते स्टीलचे पातेले चालेल. प्लॅस्टिकचा ड्रम वापरायचा असेल तर तो खाद्यपदार्थांसाठीच बनवलेला असावा. फवारणीच्या औषधाचा किंवा रसायनाचा डबा कितीही घासला तरी या कामाला घेऊ नका. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

दहा किलो जांभळे धुऊन, देठ काढून, पाणी न घालता हाताने कुस्करा. बी फोडू नका, तिचा कडवटपणा उतरतो. लगदा मंद आचेवर हाताला चटका बसेल इतका तापवा, उकळी येऊ देऊ नका. त्याने रंगही चांगला सुटतो. मग स्वच्छ फडक्यातून पिळून घ्या. फळाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास रस निघतो.

चांगल्या उन्हातल्या जांभळाच्या रसात साखर पुरेशी असते. पावसात भिजलेल्या फळाचा रस फिका लागला तर लिटरमागे ३० ते ४० ग्रॅम साखर घाला. जास्त साखर घातली की शिरका जास्त कडक होतो, असे काहीजणी समजतात. ते खरे नाही. साखर फार झाली की मद्यार्क फार होतो आणि त्यात शिरक्याचे जीवाणू काम करीत नाहीत.

पहिला टप्पा आणि त्याचा शेवट

रस पूर्ण निवला की बरणीत भरा. वरचा पाव भाग रिकामा सोडा, कारण सुरुवातीला फेस उसळून वर येतो. पाच लिटर रसाला बेकरीत वापरतात ते कोरडे यीस्ट पाव चमचा पुरे. ते कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटे ठेवा, फसफसले की रसात मिसळा. झाकणाला भोक पाडून त्यातून एक नवी, स्वच्छ, बारीक प्लॅस्टिकची नळी बाहेर काढा आणि भोकाभोवतीची फट कणकेने किंवा मेणाने बुजवा. नळीचे आतले टोक रसाच्या वर राहू द्या आणि बाहेरचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा. वायू बाहेर जाईल, पण हवा आणि चिलटे आत शिरणार नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून नळीतून बुडबुडे निघू लागतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो. नंतर तो उतरत जातो आणि आपल्याकडच्या उकाड्यात साधारण सात ते दहा दिवसांत ते थांबतात.

पण बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले, असे समजू नका. झाकणाची फट उघडी राहिली तर वायू तिथून जातो आणि नळी गप्प बसते. पावसाची झड लागून गारवा आला तर यीस्ट मंदावते. उलट काम संपल्यावरही दुपारच्या उन्हाने खोली तापली की रसात मुरलेला वायू सुटतो आणि दोन-चार बुडबुडे येतात. म्हणून बुडबुड्यांची साक्ष एकटीच धरू नका. पुढच्या तीन खुणाही पाहा.

पहिली खूण डोळ्यांची. वर फेस नसतो, गढूळपणा बसू लागतो आणि तळाशी जाड साका जमतो.

दुसरी खूण जिभेची. स्वच्छ चमच्याने एक थेंब जिभेवर ठेवा. गोडवा अजिबात लागता कामा नये. जांभळाचा तुरटपणा आणि आंबटपणा तेवढा राहतो. मात्र तुरट चवीत थोडा गोडवा लपून जातो, म्हणून जीभही फसू शकते.

तिसरी खूण सर्वांत भरवशाची आहे आणि तिचे साधन दूध घालणाऱ्या पुष्कळ घरांत असते. ते म्हणजे लॅक्टोमीटर. तो दुधाचा जडपणा मोजतो. साखर असलेला रसही पाण्यापेक्षा जड असतो. ताजा रस गाळून उंच पेल्यात घ्या आणि लॅक्टोमीटर सोडा. तो बराच वर तरंगेल, कदाचित सगळे आकडे रसाबाहेर राहतील. जसजशी साखर संपते आणि तिच्या जागी हलका मद्यार्क येतो, तसतसा तो खाली खाली बुडत जातो. काम संपत आले की तो पाण्याच्या खुणेच्या जवळपास येतो. जांभळातले साखरेखेरीजचे पदार्थ रसात राहतातच, त्यामुळे तो नेमका पाण्याच्या खुणेवर आला नाही तरी चालेल. महत्त्वाचे हे, की आकडा सलग तीन दिवस, एकाच वेळी पाहिला असता, एकाच ठिकाणी राहिला पाहिजे. पेला जरा हलवून वायू जाऊ द्या, मग मापा. बुडबुडे लॅक्टोमीटरला चिकटले तर ते त्याला उचलून धरतात. मापलेला रस बरणीत परत ओतू नका आणि लॅक्टोमीटर दुधात घालण्यापूर्वी गरम पाण्याने धुवा.

बुडबुडे थांबले आहेत, पण रस गोड लागतो आणि लॅक्टोमीटर अजून वरच आहे, असे दिसले तर काम अर्ध्यावर अडकले आहे. बरणी जरा उबदार जागी ठेवा, हलक्या हाताने साका ढवळा आणि पुन्हा थोडे यीस्ट फसफसवून घाला.

बाटली का फुटते

इथे घाई केली तर काय होते, ते मी माझ्याच घरी पाहिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी रस दिसायला नितळ झाला म्हणून दोन काचेच्या बाटल्यांत भरला, बुचे घट्ट बसवली आणि फडताळावर ठेवल्या. चौथ्या रात्री बंदुकीसारखा आवाज झाला. एक बाटली फुटून तिच्या काचा पिठाच्या डब्यापासून चुलीपर्यंत उडाल्या होत्या. फडताळाखाली रोज माझा धाकटा निजत असे. त्या रात्री तो आजीकडे ओटीवर झोपला होता, म्हणून वाचला. दुसरी बाटली मी ओल्या गोणपाटात गुंडाळून परसात नेली, तेव्हा माझे हात थरथरत होते.

याचा हिशेब साधा आहे. एक लिटर रसात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम साखर उरली, तरी तिच्यापासून सुमारे एक लिटर वायू तयार होतो. पाच चमचे उरली तर पाच लिटर. तो सगळा वायू बंद बाटलीत कोंडला जातो. साधी काचेची बाटली हा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते. म्हणून वरच्या खुणा पटल्याशिवाय रस कशातही घट्ट बंद करू नका. शंका वाटली तर झाकण सैल ठेवा.

दुसरा टप्पा

लॅक्टोमीटर तीन दिवस स्थिर राहिला की वरचा नितळ रस साका न हलवता दुसऱ्या रुंद तोंडाच्या बरणीत काढा. बरणी दोन-तृतीयांशच भरा. आता विरजण. दह्याला जसे विरजण लागते, तसे शिरक्यालाही लागते. चार वाट्या रसाला एक वाटी जिवंत शिरका घाला. दुकानातून आणणार असाल तर न तापवलेला, तळाशी धाग्यासारखा गाळ असलेला फळांचा शिरका पाहून घ्या. लेबलवर 'सिंथेटिक' लिहिलेला पांढरा शिरका आम्लात पाणी घालून केलेला असतो. त्यात जीव नसतो, तो विरजणाला चालत नाही.

बरणीच्या तोंडावर पातळ, घट्ट विणीचे फडके दुहेरी बांधा. हवा आत जावी, चिलटे जाऊ नयेत. बरणी सावलीत, चुलीच्या धुरापासून दूर ठेवा आणि हलवू नका. आठवडा-दोन आठवड्यांत वर गुळगुळीत, पांढुरकी, साईसारखी पातळ चकती धरते. ती शिरक्याची साय आहे. ती मोडली की बुडते आणि काम मागे पडते, म्हणून रोज उघडून ढवळण्याचा मोह टाळा.

सायीला बुरशी समजून शिरका ओतून देणाऱ्या पुष्कळजणी आहेत. फरक ध्यानात ठेवा. साय ओलसर, सपाट आणि चिवट असते. बुरशी कोरडी, लवदार असते आणि तिच्यावर हिरवे, काळे किंवा निळे ठिपके दिसतात. बुरशी आली तर वरवर काढून आतला रस वाचवू नका, सगळा टाकून द्या आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवा. नेलपॉलिश काढण्याच्या औषधासारखा वास आला तर घाबरू नका. काम अपुरे आहे किंवा हवा कमी पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. फडके दमट होऊन गच्च झाले असेल तर बदला आणि आणखी थांबा.

शिरका झाला की नाही

साधारण महिना ते दोन महिन्यांत शिरका तयार होतो. पण कॅलेंडरवर भरवसा ठेवू नका. वास नाकात झोंबू लागला आणि मद्यार्काचा वास पूर्ण गेला, ही पहिली खूण. तरी नाकाला कडक वाटलेला शिरका प्रत्यक्षात पातळ असू शकतो. आम्ल मोजण्याची एक घरगुती युक्ती सांगते. यात जांभूळच आपल्या मदतीला येते.

जांभळाचा रंग आम्लात लाल असतो आणि सोडा पडला की जांभळट-निळा होतो. याचा उपयोग असा करा. १०० मिलिलिटर उकळून निवलेल्या पाण्यात ५ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. सोडा सोनाराकडे किंवा दुकानात नेमका तोलून आणा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज घ्या. एका काचेच्या पेल्यात तुमचा शिरका १० मिलिलिटर मोजून घ्या, रंग नीट दिसावा म्हणून अर्धी वाटी साधे पाणी घाला. आता सोड्याचे पाणी थोडे थोडे सोडत जा. फसफसेल, पेला हलवा, थांबा, पुन्हा सोडा. लाल रंग जाऊन सगळा पेला जांभळट-निळा झाला आणि तसाच राहिला, की किती मिलिलिटर लागले ते लिहा.

४ टक्के आम्लाच्या शिरक्याला असे सुमारे ११ मिलिलिटर लागतात, ५ टक्क्यांच्या शिरक्याला १४. हात बसेपर्यंत दुकानातल्या शिरक्यावर एकदा करून पाहा. त्याच्या बाटलीवर टक्के लिहिलेले असतात. पांढऱ्या शिरक्यात रंगासाठी जांभळाच्या रसाचे चार-पाच थेंब टाकले की झाले. आपल्या बरणीची मोजणी विरजण घातल्याच्या दिवशीच एकदा करून ठेवा, कारण फळाचा स्वतःचा आंबटपणा आणि विरजणाचे आम्ल त्यात आधीच असते. मग दर आठवड्याला मोजा. आकडा चढत जाईल. दोन आठवडे तो पुढे सरकला नाही आणि वासही स्वच्छ आहे, म्हणजे शिरका झाला.

आता पत्रात विचारले नव्हते तेही सांगते. झाल्यावर थांबणे हीसुद्धा चूक आहे. मद्यार्क संपला की तेच जीवाणू पोटासाठी स्वतः केलेले आम्ल खाऊ लागतात. शिरका दिवसेंदिवस फिका होतो आणि शेवटी त्याला कुबट वास येतो. 'जितका जुना तितका कडक' हे उघड्या बरणीच्या बाबतीत खरे नाही. मोजणीचा आकडा चढून पुन्हा उतरू लागला तर समजावे की आपण उशीर केला.

म्हणून झाला त्याच आठवड्यात शिरका सायीखालून काढा आणि दुहेरी फडक्यातून गाळा. पुढच्या वर्षीसाठी एक बाटली विरजण तसेच, न तापवता बाजूला ठेवा. बाकीचा बाटल्यांत भरून, पातेल्यात तळाशी फडके घालून, बाटल्यांच्या गळ्यापर्यंत पाणी घेऊन तापवा. झाकणे सैल ठेवा. आतला शिरका ६० ते ६५ अंशांवर अर्धा तास राहिला पाहिजे, उकळी नको. मग बाटल्या तोंडापर्यंत भरून बुचे घट्ट करा. उघडे लोखंडी झाकण गंजते, ते वापरू नका. अशी बाटली अंधाऱ्या जागी वर्षभर छान राहते. तळाशी थोडा गाळ बसला तरी बिघडत नाही.

वापरताना

कांदा, काकडी, आले यांवर घालायला, मासळी-कोंबडी मुरवायला, कोशिंबिरीला हा शिरका फार चवदार लागतो. वर्षभराचे लोणचे घालायचे असेल तर मात्र घरच्या शिरक्यावर विसंबू नका. लोणच्याचे टिकणे आम्लावर अवलंबून असते, म्हणून टक्के लिहिलेला बाजारचा शिरका घ्या. नुसता शिरका पिऊ नका, दात आणि घसा दोन्हींना तो बरा नाही.

जांभळाच्या शिरक्याने मधुमेह बरा होतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यावर भिस्त ठेवून डॉक्टरांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नका. आधीच औषध चालू असेल तर रोज शिरका घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

बचत गटाच्या भगिनींना यातून दोन पैसे मिळू शकतात, कारण शहरात फळांच्या शिरक्याला गिऱ्हाईक आहे. पण विकायचा माल घरच्या सोडामोजणीवर पाठवू नका. आंबवून केलेल्या शिरक्यात किमान ३.७५ टक्के आम्ल असावे, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करा. नवीन झाड लावायचे असेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण बहाडोली' जातीच्या कलमांची चौकशी करा. बदलापूरकडे घरे वाढत चालली तशी जुनी जांभळे तुटत चालली आहेत. जे झाड राहिले आहे, त्याचे पडणारे फळ घरात चार पैसे आणू लागले तर त्यावर कुऱ्हाड घालताना घरधनी दोनदा विचार करील.

शेवटी, एक साधी वही करा. रस कधी काढला, यीस्ट कधी घातले, लॅक्टोमीटर कुठे होता, विरजण कोणत्या दिवशी पडले, सोड्याचे पाणी किती लागले, हे तारखेसकट लिहा आणि प्रत्येक बरणीवर तारखेची चिठ्ठी लावा. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी ही वही यंदा करावी. पुढच्या मृगाला शेजारची कोणी त्यांना विचारील, 'शिरका झाला हे कसे गं ओळखायचे?' तेव्हा त्यांना वही उघडून दाखवता येईल.